मोरीचा दरवाजा

भंडारदऱ्याला पावसाळ्यात जाणारे लोक धरणाच्या भिंतीखाली उभे राहून छत्री धबधब्याचे फोटो काढतात. गोलसर कातळावर पडलेलं पाणी चारी बाजूंनी पसरत खाली येतं, तुषार अंगावर घेत पोरं नाचतात. हा धबधबा डोंगरातून आलेला नाही, हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. भिंतीतल्या विमोचकातून, म्हणजे पाणी सोडायच्या वाटेतून, खात्याने पाणी सोडलेलं असतं म्हणून तो दिसतो. व्हॉल्व्ह बंद केला की कातळ उघडा पडतो. १९२६ साली पुरं झालेलं हे दगडी धरण आता शंभरीला आलं आहे. १९६९ मध्ये त्याच्या भिंतीला तडे गेले, गळती वाढली आणि मागून आधारभिंती बांधून ते सावरावं लागलं. शंभर वर्षांच्या भिंतीत पाण्याची वाट अजून माणसाच्या हाताने उघडते आणि बंद होते, ही गोष्ट मला त्या तुषारांपेक्षा जास्त विलक्षण वाटते.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्याच्या यांत्रिकी बाजूला गेली. सिव्हिलची मंडळी भिंत, भराव, सांडवा बघायची. आमच्याकडे दरवाजे, त्यांची चाकं, दोर, साखळ्या, रबर सील, ग्रीस. मोठ्या धरणांवर काम करायची संधी मिळाली, पण माझा जीव रमला तो लहान आणि मध्यम प्रकल्पांवर. तिथे पाहुणे येत नाहीत, जलपूजनाला मंत्री येत नाहीत, दरवाजावर रोषणाईही होत नाही. भराव, सांडवा आणि भरावाच्या पोटातून जाणारी, पाणी बाहेर सोडायची एक मोरी, एवढाच संसार.

या मोरीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. धरण म्हणजे पाणी अडवणं, असं आपण शाळेत शिकतो. अडवलेलं पाणी हवं तेव्हा खाली उतरवता येणं हा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो कुणी शिकवत नाही. पूर आला की सांडव्यावरून पाणी जातं, पण सांडव्याच्या माथ्याच्या खाली जेवढा साठा आहे त्याला सांडवा हात लावू शकत नाही. भरावात कुठे गळती दिसली, माथ्याला भेग पडली, पायथ्याशी माती वाहायला लागली, तर पहिला उपाय एकच असतो: तलाव उतरवा. त्या घडीला हाताशी फक्त मोरी असते. तिचा दरवाजा हलला तर गाव वाचवायला वेळ मिळतो. तो गंजून बसला असेल, तर बाकी सगळं शास्त्र काठावर उभं राहून बघत बसतं.

आता ही मोरी असते कशी, ते सांगतो. मातीच्या धरणात, नदीच्या तळपातळीच्या थोडं वर, भरावाच्या आडवी एक चौकोनी काँक्रीटची वाट किंवा ह्यूम पाइपांची, म्हणजे काँक्रीटच्या नळांची, ओळ बसवलेली असते. तलावाच्या बाजूला एक उभी विहीर, तिला विमोचक विहीर म्हणतात. विहिरीच्या डोक्यावर ओटा, ओट्यावर दरवाजा उचलायचं यंत्र, म्हणजे हॉइस्ट, आणि त्यातून खाली दरवाजापर्यंत गेलेला लांबलचक दांडा, म्हणजे स्पिंडल. भरावाच्या माथ्यावरून अरुंद पुलावरून तिथपर्यंत चालत जायचं आणि चाक फिरवायचं. खाली पाण्यात दरवाजा वर सरकतो, पाणी मोरीत शिरतं आणि पलीकडे कालव्याच्या तोंडाशी बाहेर पडतं. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, सुरू झालं की शेतकऱ्याला दिसतं ते हे बाहेर पडलेलं पाणी.

दरवाजा कुठे बसवला आहे यावर फार काही ठरतं. तो तलावाच्या बाजूला असेल तर बंद केल्यावर मोरी रिकामी राहते, आतून बघता येते. व्हॉल्व्ह फक्त खालच्या टोकाला असेल तर पाइप भरावाच्या पोटात बाराही महिने दाबाखाली भरलेला असतो. एखादा सांधा जरासा उघडला तरी पाणी आसपासच्या मातीत घुसू लागतं. म्हणून जिथे खाली व्हॉल्व्ह आहे तिथे वरच्या बाजूलाही एक दरवाजा लागतो, आणि तो नीट बसणारा असावा लागतो. नकाशावर तो बहुतेक ठिकाणी असतो. प्रत्यक्षात तो शेवटचा कधी खाली सोडून बघितला, हे विचारल्यावर माणसं कितीदा एकमेकांकडे बघत.

मातीच्या धरणात मोरी हीच सर्वात नाजूक जागा. भराव थराथराने रोलर फिरवून दाबलेला असतो. पाइपाच्या कुशीत मात्र रोलर पोचत नाही, तिथली माती हाताने ठोकून बसवावी लागते. तिथेच माती थोडी सैल राहिली, तर पाण्याला पाइपाच्या अंगालगत वाट सापडते. पुढे भराव स्वतःच्या वजनाने बसतो, मध्यभागी जास्त आणि टोकांना कमी. त्याखालचा पाइप तेवढा वाकू शकत नाही, म्हणून सांधे उघडतात. उघड्या सांध्यातून मातीचा बारीक कण आत ओढला जातो. आज कण, उद्या मूठभर, आणि काही वर्षांनी पाइपाच्या वर पोकळी. वरून भराव हिरवागार दिसतो, गुरं चरत असतात, आणि एक दिवस उतारावर खड्डा पडतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. मोरीच्या आत मी शिरलो आहे. मे महिन्यात तलाव मृतसाठ्याला, म्हणजे मोरीतून न निघणाऱ्या तळच्या पाण्याला, टेकला की दरवाजा बंद करून, मोरीत हवा खेळती राहील असं बघून, कमरेला दोर बांधून आत जायचं. आधी वायू तपासायचा. कोंडलेल्या जागेत प्राणवायू कमी असू शकतो. आत वटवाघळांचा वास आणि पायाखाली घोटाभर पाणी. टॉर्चच्या उजेडात भिंतीवर पांढरे ओघळ दिसतात. काँक्रीटमधला चुना पाण्यासोबत झिरपून बाहेर येऊन सुकलेला असतो. तो जुना, कोरडा, टणक असेल तर फार काळजी नाही. ओला असेल, बोटाला लागत असेल तर तिथे खडूने खूण करायची. मग छोट्या हातोडीने टकटक करत पुढे. घट्ट काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो, मागे पोकळी असली की बद्द. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे तळ बघायचा. मोरीच्या तळाशी पिवळट बारीक मातीची छोटी रास दिसली, की छातीत धस्स होतं. तलावाचा गाळ वेगळा असतो, काळपट, चिकट. ही रास भरावाच्या मातीच्या रंगाची असेल तर ती वरून, सांध्यातून आलेली असते.

अशी एक रास मी एका तलावावर पाहिली. चमचाभरच म्हणा. सोबतचा तरुण अभियंता म्हणाला, "सर, एवढीशी तर आहे." मी त्याला ती बोटांनी चोळायला सांगितली आणि मग वर, सांध्याकडे उजेड मारला. तिथे पेन्सिल जाईल एवढी फट होती आणि तिच्या कडा धुऊन गुळगुळीत झालेल्या होत्या. त्या वर्षी त्या तलावात पाणी कमी अडवलं, सांधा भरला, मागच्या पोकळीत ग्राउट, म्हणजे सिमेंटची पातळ रबडी, दाबली. वर्तमानपत्रात यातलं काही आलं नाही, येण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

पुण्याच्या माणसाला मोरी म्हटलं की पानशेत आठवायला हवं, पण आठवतो तो पूर. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ त्याच दिवशी खडकवासला फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. त्या पुराच्या आठवणी घरोघरी आहेत, कुणाच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे, कुणी गच्चीवर रात्र काढली. धरण का फुटलं, याचं उत्तर मात्र फार थोड्यांच्या तोंडी असतं, आणि ते उत्तर मोरीत आहे.

आंबी नदीवरचं ते मातीचं धरण पुरतं झालेलं नव्हतं. विमोचकाचं कामही अर्धवट होतं. तरी त्या पावसाळ्यात पाणी अडलं आणि भराभर चढलं. विमोचकाचा दरवाजा धड वर घेतलेला नव्हता, धड खाली बसलेलाही नव्हता. तो अर्धवट अवस्थेत प्रवाहात लोंबकळत राहिला. अशा दरवाजाखालून प्रचंड दाबाने सुटलेलं पाणी शांतपणे वाहत नाही. ते आदळतं, उसळतं, दरवाजाला थरथरवतं आणि ती थरथर मोरीच्या अंगात उतरते. त्या मोरीची कमान सळयांच्या काँक्रीटची नव्हती. पोलादाची टंचाई होती, म्हणून साध्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर भागवलं होतं. कमान खिळखिळी झाली, तिच्यावरचा भराव खचू लागला, माथा खाली बसला. लष्कराच्या जवानांनी पावसात रात्रभर वाळूची पोती रचून माथा उंच ठेवायची शर्थ केली. खचणारा भराव पोत्यांनी किती वेळ धरणार? सकाळी पाणी माथ्यावरून गेलं, आणि मातीच्या धरणावरून पाणी गेलं की मग काही उरत नाही.

मी हा प्रसंग नव्या मुलांना नेहमी सांगत असे आणि अर्धवट दरवाजावर मुद्दाम थांबत असे. दरवाजा अगदी थोडा उघडा ठेवून तासन्‌तास चालवणं हे आजही कित्येक ठिकाणी सर्रास होतं, कारण कालव्याला थोडंच पाणी हवं असतं. प्रत्येक दरवाजाला काही ठरावीक उंचीला उघडं राहणं मानवत नाही, तिथे तो थरथरायला लागतो. ते हाताला कळतं. आमचे एक चौकीदार होते, त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्या चाक फिरवून झालं की स्पिंडलवर तळवा ठेवून उभे राहायचे. मग कमरेचा मोठा स्क्रू-ड्रायव्हर काढून त्याचं टोक गिअरच्या पेटीला टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे.

"काय म्हणतोय, तात्या?" मी विचारायचो.

"कुरकुरतोय साहेब. अजून दोन फेरे वर घेऊ, मग गप होईल."

दोन फेरे वर घेतले की खरंच थरथर थांबायची. कालव्यात पाणी थोडं जास्त जायचं, ते पुढच्या एस्केपमधून, म्हणजे कालव्यातलं जास्तीचं पाणी काढायच्या वाटेतून, काढून द्यायचं. त्या दरवाजाच्या मागे हवेचा पाइप होता. प्रवाह सुटला की तो आपल्यासोबत हवा ओढून नेतो. ती हवा वरून मिळाली नाही तर दरवाजामागे पोकळी तयार होते, दरवाजा हादरतो आणि काँक्रीटचे टवके उडतात. या हवेच्या पाइपाच्या तोंडाशी साळुंक्यांनी घरटं केलं होतं. तात्यांनी पिलं उडून जाईपर्यंत वाट पाहिली, मग काडीकचरा काढला आणि तोंडाला जाळी बांधली. जाळीचं सामान त्यांनी स्वतःच्या पैशांनी आणलं होतं हे मला फार उशिरा कळलं.

दरवाजा हा न वापरल्याने बिघडतो. पाण्याखाली वर्षभर एकाच जागी उभा राहिलेला दरवाजा कडेच्या खाचांत गंज धरतो, तळाशी गाळ बसतो, सीलचं रबर कडक होऊन चिरतं. स्पिंडलवरचं ग्रीस उन्हाने सुकून त्यात धूळ मिसळते आणि त्याचं घासकाम सुरू होतं. म्हणून गरज असो वा नसो, तो फिरवून बघायचा असतो. पूर्ण वर, पूर्ण खाली. व्हॉल्व्हचंही तसंच. स्पिंडलभोवती पाणी अडवणारी ग्लँडची दोरी सुकली की तिथून पाणी ठिबकतं, माणूस नट आवळत जातो आणि शेवटी स्पिंडल हलेनासा होतो. दोरी बदलायला तास लागत नाही. ती बदलली नाही तर ऐन पावसात, अंधारात, चाकाला पहार अडकवून तिघांनी लोंबकळायची वेळ येते, आणि तेव्हा स्पिंडल पिळून तुटतो.

ग्रीस म्हणजे किरकोळ बाब, असं मानणाऱ्यांना मी अमेरिकेतल्या फॉल्सम धरणाची गोष्ट सांगत आलो. कॅलिफोर्नियात अमेरिकन नदीवर हे धरण आहे. १७ जुलै १९९५ ला तिथला सांडव्याचा ३ नंबरचा दरवाजा उघडत असताना मोडला. त्या जातीचे दरवाजे दोन्ही बाजूंच्या जाड खिळींवर फिरतात. खिळींवर वर्षानुवर्षं गंज चढत गेला, वंगण पुरेसं पोचत नव्हतं, घर्षण वाढत गेलं. दरवाजा वर उचलताना त्या घर्षणाचा जोर दरवाजाच्या हातांवर आला आणि एक तिरपा दांडा तुटला. जलाशयातलं जवळजवळ ४० टक्के पाणी वाहून गेलं. पूर नव्हता, भूकंप नव्हता. दिवस उन्हाळ्याचा होता. भिंतीला ओरखडाही आला नाही.

आपल्याकडचं ताजं उदाहरण कर्नाटकातल्या तुंगभद्रा धरणाचं. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री, धरण भरलेलं असताना ३३ पैकी १९ व्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजाच वाहून गेला. ते धरण १९५० च्या दशकातलं. उरलेले दरवाजे उघडून पाणी सोडत सुटावं लागलं, कारण एका दरवाजातून सुटलेला लोंढा सावरायचा तर एकूण पातळी उतरवण्यावाचून इलाज नव्हता. मग वाहत्या पाण्यात स्टॉपलॉग, म्हणजे एकावर एक बसणारे पोलादी अडसर, उतरवून ते भगदाड बंद केलं गेलं. त्या कामाचं नेतृत्व कन्हैया नायडू या अनुभवी दरवाजातज्ज्ञांनी केलं. टीव्हीवर ते दृश्य मी बघत होतो तेव्हा क्रेनला टांगलेला तो पोलादी तुकडा पाण्याला टेकताच जसा झोके खात होता, त्यावरून नजर हलत नव्हती. ते काम किती अवघड आहे हे कळायला दरवाजावर एकदा तरी उभं राहिलेलं असावं लागतं. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये केरळातल्या परांबिकुलम धरणाला असाच दरवाजा निसटला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये आंध्रातल्या अन्नमय्या धरणाला पूर आला तेव्हा पाचांतला एक दरवाजा उघडला नाही आणि बाजूचा मातीचा भराव वाहून गेला. आपलं राधानगरी तर डिसेंबरात, पाऊस संपून गेल्यावर, दुरुस्तीचं काम चालू असताना दरवाजा अडकल्याने बातमीत आलं. २०२१ च्या त्या डिसेंबरात भोगावती नदीला ऐन थंडीत पाणी वाढलं. शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं ते धरण. त्याचे सांडव्याचे स्वयंचलित दरवाजे माणसाशिवाय उघडतात म्हणून आपण अभिमानाने दाखवतो, आणि तो अभिमान रास्तच आहे. पण त्या दरवाजांनाही रंग, सील आणि वंगण माणसानेच द्यायचं असतं.

या सगळ्या घटनांत मला एकच सूत दिसतं. दगड, माती, काँक्रीट यांचं आयुष्य आपण शंभर वर्षं धरतो. त्यातल्या लोखंडाचं, रबराचं, साखळीचं आयुष्य त्याहून पुष्कळ कमी असतं. तरी दोघांची नोंद एकाच नावाने होते, "धरण", आणि धरण उभं आहे म्हणून सगळं उभं आहे असं धरलं जातं.

देशात पाच हजारांहून अधिक मोठी धरणं आहेत आणि त्यातली दोन हजारांवर एकट्या महाराष्ट्रात. बहुतेक मातीची. बरीचशी १९७२ च्या दुष्काळानंतरच्या दोन-तीन दशकांत झालेली, म्हणजे त्यांच्या मोऱ्या आता तिशी ते पन्नाशीत आहेत. सांध्याचं रबर, पाइप, पत्रे सगळं एकदमच म्हातारं होत आहे. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आला. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी त्याने बंधनकारक केली. नाशिकला धरण सुरक्षितता संघटना आहे, तिच्याकडे तपासणीचे तक्ते जातात, दोषांची वर्गवारी होते. ही व्यवस्था चांगली आहे आणि तिच्यात काम करणारी पुष्कळ माणसं मनापासून करतात. मी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण खात्याला शिव्या देणं सोपं असतं.

दुखणं पुढच्या पायरीवर आहे. तक्त्यात "दरवाजाचे सील बदलणे आवश्यक" असं लिहिलं जातं. पुढच्या वर्षी तेच वाक्य पुन्हा लिहिलं जातं. देखभालीचं एस्टिमेट छोटं असतं, म्हणून ते मोठ्या कामांच्या यादीत तळाला जातं. छोट्या कामाला चांगला कंत्राटदार फिरकत नाही. पैसे मार्चअखेर मिळतात, काम मेमध्येच करता येतं, कारण तेव्हाच पाणी खाली असतं. आणि मेमध्ये पिण्याच्या पाण्याची टंचाई असली, तर तलाव आणखी उतरवायला कुणी तयार होत नाही. यात कुणी एक दोषी नाही. पण कॅलेंडरच असं बसलं आहे की दुरुस्तीला वेळ सापडत नाही, आणि हे कॅलेंडर आपण बदलायला हवं. देखभालीचा निधी जानेवारीत हातात पडला पाहिजे. हे माझं ठाम मत आहे.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसहून अधिक माणसं गेली. धरण जेमतेम दोन दशकांचं होतं. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या. नंतर खेकड्यांवरून खूप बोललं गेलं. खेकडे भरावात बिळं करतात, हे खरं आहे. कोकणात भरावावर फिरणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. बीळ दिसलं की बुजवायचं, ओल दिसली की खूण करून रोज बघायची, म्हणून तर माणूस नेमलेला असतो. तिवऱ्याचं नाव आलं की मला भरावाच्या पायथ्याशी वाहणारं पाणी आठवतं, कारण तात्यांची ती रोजची कामगिरी होती. पायथ्याच्या नाल्यात एक व्ही आकाराची खाच असलेली पत्र्याची पट्टी असते, तिच्यावरून गळती मोजतात. तात्या मोजमाप वहीत लिहायचे आणि शिवाय एका काचेच्या बाटलीत ते पाणी भरून खिडकीत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी बाटली उन्हाकडे धरून तळ बघायचे. मातीचं धरण थोडं पाझरतंच. पाणी निवळ आहे तोवर पाझर आपलं काम करतो आहे. तळाला साय धरली, तर भराव आतून वाहतो आहे. बाटलीवर चिकटपट्टी, तिच्यावर तारीख. खोलीच्या खिडकीत अशा बाटल्यांची रांग असायची आणि त्या रांगेवरून धरणाची तब्येत मला कार्यालयातल्या फायलींपेक्षा लवकर कळायची.

तात्या निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी कुणी आलं नाही. जागा रिक्त राहिली. मग शेजारच्या प्रकल्पाचा माणूस आठवड्यातून एकदा येऊ लागला, पुढे एजन्सीमार्फत मुलं आली, दर वर्षी नवी. मुलं चांगली असतात. पण कोणता दरवाजा कितव्या फेऱ्याला अडखळतो, कोणत्या व्हॉल्व्हचे आटे उलटे आहेत, कोणत्या महिन्यात कुठे ओल येते, हे कोणत्याही नकाशावर नसतं.

पूर्वी हे ज्ञान गावाकडे असायचं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडचे मालगुजारी तलाव पाहिले की ते कळतं. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेल्या त्या तलावांना तुडुम असतं, म्हणजे पाणी सोडायची दगडी वाट. वरपासून खालपर्यंत भोकं आणि त्यांना लाकडी खुंट्या. पाणी जसं उतरेल तशी खालची खुंटी काढायची. वरचं, उबदार, कमी दाबाचं पाणी आधी जातं आणि एकदम मोठा दाब कोणत्याच भोकावर येत नाही. नवेगाव बांधसारखा मोठा तलाव असो की गावामागचा छोटा, धानाला पाणी कधी द्यायचं आणि खुंटी कुणी काढायची हे गावात ठरलेलं असे. पुढे तलाव सरकारकडे गेले, गाळ साचला, आणि कित्येक ठिकाणी तुडुमाच्या जागी लोखंडी दरवाजे बसवले गेले. लोखंडी दरवाजा वाईट नाही. पण लाकडी खुंटी खराब झाली तर गावातला सुतार दुसरी करून देत होता. लोखंडी दरवाजाच्या सीलसाठी जिल्ह्याला अर्ज करावा लागतो.

मला गावांनी दरवाजे स्वतः चालवावेत असं म्हणायचं नाही. चुकीच्या हातात चाक गेलं तर काय होतं, हे मी पाहिलेलं आहे. पण लाभक्षेत्रातल्या पाणीवापर संस्थांनी मे महिन्यात एक दिवस मोरीवर यावं, दरवाजा पूर्ण वर-खाली होताना डोळ्यांनी बघावा आणि नोंदवहीत सही करावी, एवढं सहज होण्यासारखं आहे. ज्यांच्या डोक्यावर ते पाणी उभं आहे त्यांना तेवढा हक्क आहे. आवर्तन उशिरा सुटलं तर आपण मोर्चा काढतो. दरवाजाला ग्रीस लागलं का, हे विचारायला ग्रामसभेत कुणी उभं राहिलेलं मी अजून ऐकलं नाही.

निवृत्तीनंतरही मला फोन येतात. गेल्या उन्हाळ्यात तात्यांच्याच तलावावरून आला. नवा मुलगा होता, आवाजात घाई.

"सर, दरवाजा थोडा वर आला आणि अडकला. आम्ही चौघं आहोत, पहार लावून जोर देऊ का?"

"पहार ठेवून द्या," मी म्हणालो. "आधी खाली घ्या. पूर्ण खाली नको, चार फेरे. आता थांबा. पाणी जातंय का मोरीतून?"

"जातंय. गढूळ आहे."

"जाऊ दे पाच मिनिटं. तळाशी गाळ बसलाय, तो धुऊन निघेल. मग पुन्हा वर घ्या, हळूहळू. जिथे अडेल तिथे थांबून परत दोन फेरे खाली."

फोन चालू ठेवूनच त्यांनी तसं केलं. चाकाचा कर्रकर्र आवाज मला इकडे ऐकू येत होता, मध्येच कुणीतरी फेरे मोजत होतं. चौथ्या खेपेला दरवाजा सुटला आणि वरपर्यंत गेला.

"आता परत पूर्ण खाली," मी म्हटलं, "आणि स्पिंडल आत्ताच रॉकेलने पुसून नवं ग्रीस लावून टाका. कितव्या फेऱ्याला अडला ते ओट्याच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहा, तारखेसह."

"सर, भिंतीवर आधीच काहीतरी लिहिलंय. पुसट झालंय. फेरे अकरा, असं काहीतरी."

"त्याच्याच खाली लिहा. आणि सर्व्हिस रोडच्या बाजूला पायथ्याला व्ही-नॉच आहे, माहीत आहे का?"

त्याला माहीत नव्हतं. मग तिथपर्यंत कसं जायचं ते त्याला सांगितलं, आणि जाताना एक काचेची बाटली सोबत घ्यायला सांगितलं.